प्रवास आणि वाहतूक : चित्रपटांतील मालमोटारचालक

१

मराठी वाङ्मयात ‘प्रवास’ या कल्पनेला प्रतिष्ठेचे स्थान आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून (प्रकाशन १९०७) पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) तिची रूपे पुष्कळ बदलली, तरी गाभा कायम राहिला. कोणीएक घरून निघतो, अपरिचित मुलूख पाहतो, परततो आणि पाहिले-भोगले ते इतरांना सांगतो. रस्ता हा येथे अनुभवाचा दाता असतो आणि चालणारा त्या अनुभवाचा धनी. परंतु रस्त्यावर असणारा प्रत्येक माणूस या अर्थाने प्रवासी नसतो. लमाणांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या धान्य आणि मीठ वाहून नेत असत. त्यांच्या वाटचालीला कोणी प्रवासवर्णनाचा विषय मानले नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाचे चालणे वाचताना ‘प्रवास’ हा शब्द वाचकाच्या ओठांवर येत नाही, हेही सूचक आहे. प्रवासात माणूस स्वतःला नेतो. वाहतुकीत तो दुसऱ्याचे काहीतरी नेतो आणि बहुधा दुसऱ्याने ठरविलेल्या वेळेत नेतो.

हा भेद जुनाच आहे. महाकाव्यांत रथी आणि सारथी यांच्यातील अंतर जन्माने आणि मानाने निश्चित झालेले असते. शल्यासारख्या राजाला कर्णाचे सारथ्य हा अपमान वाटतो. सारथ्याला मोठेपण मिळते ते तो स्वतः ईश्वर असेल तेव्हा. लगाम ज्याच्या हाती त्याची कथा नसते. कथा मागे उभ्या असलेल्याची असते.

चित्रपटाने या स्थितीत काही फरक केला काय, हा प्रस्तुत लेखातील प्रश्न आहे. मालमोटार, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ट्रक, हे विसाव्या शतकाचे वाहन आणि चित्रपट ही त्याच शतकाची कला. दोहोंचा जीव गतीत आहे. तेव्हा ट्रकचालक हा चित्रपटाचा स्वाभाविक नायक ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात तो पडद्यावर आला तो पुष्कळदा कशाचे तरी प्रतीक होऊन : स्वातंत्र्याचे, बेफिकिरीचे, धोक्याचे, कामवासनेचे. रस्त्यावरील चित्रपटांची समीक्षाही मुक्ती, आत्मशोध, पलायन ही प्रवासाचीच परिभाषा वापरते. चालकाच्या संदर्भात काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात असे दिसते. गाडीत माल कोणता आहे? तो कोणाचा? गाडी कोणाची? आणि पोहोचण्याची वेळ कोणी ठरविली? ज्या चित्रपटांत हे प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतात त्यांत चालक माणूस म्हणून उभा राहतो. ज्यांत माल मध्येच कोठेतरी उतरविला जातो त्यांत तो प्रतीक होऊन विरतो.

२

या दृष्टीने अमेरिकन लेखक ए. आय. बेझेरिडीस याच्या दोन कादंबऱ्यांवरील चित्रपट पाहण्यासारखे आहेत. बेझेरिडीस कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या फळबागांच्या परिसरात वाढला. फळे बाजारात नेणाऱ्यांचे जग त्याने जवळून पाहिले होते. त्याच्या ‘लाँग हॉल’ (१९३८) या कादंबरीवरून राउल वॉल्श याने ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ (१९४०) काढला. जॉर्ज राफ्ट आणि हम्फ्री बोगार्ट यांनी त्यात स्वतःच्या ट्रकवर राबणाऱ्या दोन भावांची कामे केली आहेत. ट्रक हप्त्यांवर घेतलेला, वसुलीवाला मागावर, भाडे मिळाले तर हप्ता जाणार आणि हप्ता जावा म्हणून झोप टाळावयाची, असे हे चक्र आहे. चित्रपटाच्या पूर्वार्धात झोप हा जणू खलनायकच आहे. अखेर धाकट्या भावाचा चाकावरच डोळा लागतो आणि अपघातात त्याला हात गमवावा लागतो.

येथपर्यंत चित्रपट विलक्षण प्रामाणिक आहे. पुढे मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडते. थोरला भाऊ ट्रक सोडून एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत जातो, मालकाची पत्नी त्याच्यावर अनुरक्त होते, ती नवऱ्याचा खून करते आणि कथा न्यायालयात पोहोचते. हा उत्तरार्ध कादंबरीतला नव्हेच. तो ‘बॉर्डरटाउन’ (१९३५) या त्याच कंपनीच्या जुन्या चित्रपटावरून उचललेला आहे. आयडा लुपिनोच्या अभिनयामुळे तो प्रेक्षणीय झाला, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, श्रमाची कथा पुढे कशी न्यावी हे चित्रपटव्यवसायाला उमगले नाही. शेवटी नायक कंपनीचा प्रमुख होतो. हप्ता, झोप आणि हात यांचा प्रश्न सुटत नाही. नायक त्या प्रश्नातून बढती मिळवून बाहेर पडतो एवढेच.

ज्यूल्स डासिनचा ‘थीव्ह्ज हायवे’ (१९४९) अधिक चिवट आहे. बेझेरिडीसच्याच कादंबरीवरून आणि त्याच्याच पटकथेवरून झालेल्या या चित्रपटात युद्धावरून परतलेल्या निक गार्कोस याला आपल्या वडिलांचे दोन्ही पाय गेल्याचे दिसते. त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोच्या भाजीबाजारातील एक दलाल आहे. निक सफरचंदे घेऊन त्याच दलालाच्या दारी जातो. सफरचंद हा येथे केवळ माल न राहता घड्याळ होतो. नासणारा माल जितका उशिरा पोहोचेल तितका स्वस्त होतो, हे दलालाला पुरते ठाऊक आहे. म्हणूनच तो निकच्या ट्रकचा टायर फाडवितो. कोणत्याही मार्केट यार्डात लिलावाच्या पहाटे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

या चित्रपटातील सर्वांत स्मरणीय दृश्य म्हणजे निकच्या सोबत्याचा ट्रक उतारावरून कोसळतो ते. ट्रक पेटतो आणि सफरचंदे टेकडीवरून गडगडत खाली येत राहतात. माणूस जळतो आहे आणि माल मुक्त झाल्यासारखा उधळला आहे. दृश्य येथेच संपविले असते तर ते काव्यात्म म्हणून गाजले असते. परंतु बातमी बाजारात पोहोचताच ती सांडलेली सफरचंदे गोळा करून विकण्याची खटपट सुरू होते. मृत्यूपेक्षा माल दीर्घायुषी असतो, आणि निकच्या संतापाचे मूळ या जाणिवेत आहे. शेवटी पोलिसांच्या तोंडी कायद्याचा जो उपदेश येतो तो निर्मात्यांच्या आग्रहाने जोडलेला म्हणून ओळखला जातो, आणि तसा तो उपराही वाटतो.

३

आन्री-जॉर्ज क्लूझोचा ‘ल सालेर द ला पर’ (१९५३) हा या विषयावरील बहुधा सर्वश्रेष्ठ चित्रपट होय. शीर्षकाचा अर्थ ‘भयाची मजुरी’. जॉर्ज आर्नो याच्या १९५० च्या फ्रेंच कादंबरीवर तो आधारलेला असून त्याला १९५३ मध्ये कान आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिके मिळाली. कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. लॅटिन अमेरिकेतील एका ओसाड गावात चार परदेशी निरुद्योगी अडकून पडले आहेत. दूरवरच्या तेलविहिरीला आग लागते. ती विझविण्यासाठी नायट्रोग्लिसरीन न्यावयाचे आहे, आणि ते हादऱ्याने फुटते. अमेरिकन तेल कंपनी प्रत्येक चालकाला दोन हजार डॉलर देऊ करते.

चित्रपटाची ख्याती ट्रक सुटल्यानंतरच्या थरारामुळे आहे. परंतु अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे असा भाग त्याआधीचा आहे. क्लूझो सुमारे तासभर ट्रक हलूच देत नाही. उकाडा, उधारीचे मद्य, मानापमानाची क्षुल्लक भांडणे, विमानाच्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून न होणारे प्रस्थान, असा हा तास आहे. अनेकांना हा भाग लांबलेला वाटतो. वस्तुतः वाहतुकीच्या जीवनाचे हे अर्धे सत्य आहे. ट्रकचालकाच्या आयुष्यातील मोठा काळ धावण्यात जात नाही. तो थांबण्यात जातो. भाडे ठरण्याची वाट, माल भरण्याची वाट, वजनकाट्यावरची रांग, नाक्यावरचा कागद, गोदाम उघडण्याची वाट, परतीच्या भाड्याची वाट. चित्रपटाला गती प्रिय असल्याने हे थांबणे सहसा कापले जाते. क्लूझोने ते कापले नाही, आणि म्हणूनच ही माणसे मृत्यूवर स्वार व्हावयास का तयार होतात हे पुढे वेगळे सांगावे लागत नाही.

चालकांची निवड करताना कंपनीचा व्यवस्थापक जो हिशेब मांडतो तो थंड आहे. या भटक्यांना संघटना नाही, मागे कोणी रडणारे नाही, ते फुटले तर भरपाई मागावयास कोणी येणार नाही. भयाला मजुरी मिळते, आणि ती किती असावी हे माणसाच्या निराधारपणावर ठरते. अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीतून तेल कंपनीवरील टीकेचा बराचसा भाग वगळण्यात आला होता. हा भाग गेल्यावर उरतो तो केवळ साहसपट.

रस्त्यावरील प्रसंगांतही क्लूझो कारागिराच्या नजरेने पाहतो. पन्हाळी पत्र्यासारख्या खडबडीत पट्ट्यावरून एक तर अगदी सावकाश जावे लागते, नाहीतर इतक्या वेगाने की चाके उंचवट्यांवरून उंचवट्यांवरच सरकावीत. मधला वेग म्हणजे हादरा आणि हादरा म्हणजे अंत. हे ज्ञान धैर्याचे नाही, धंद्याचे आहे. डोंगरातील वळणावर कुजक्या लाकडी मचाणावर ट्रक मागे घेण्याचा प्रसंगही तसाच. मारियो आणि जो या दोघांतील नात्याची उलटापालट याच कामातून होते. गावात दरारा असलेला जो रस्त्यावर भेदरतो, आणि त्याला गुरू मानणारा मारियो त्याच्याशी क्रूर होतो. खड्ड्यात साचलेल्या तेलातून ट्रक काढताना मारियो थांबत नाही आणि चाक जोच्या पायावरून जाते. येथे दुष्टपणा मारियोचा आहे की मालाचा, हे ठरविणे कठीण आहे. थांबला असता तर ट्रक रुतला असता.

शेवटाबद्दल पुष्कळ वाद झाला आहे. माल पोहोचतो, पैसे मिळतात, आणि परतीच्या वाटेवर रेडिओवरील वॉल्ट्‌झच्या तालावर ट्रक नागमोडी डोलवीत मारियो दरीत कोसळतो. हा दैवाचा क्रूर विनोद मानला जातो, आणि काहींना तो ओढूनताणून आणलेला वाटतो. परंतु एक तपशील ध्यानात घ्यावयास हवा : परतताना ट्रक रिकामा आहे. जोवर माल होता तोवर मारियो प्रत्येक खड्डा मोजून चालवीत होता. माल उतरल्यावर त्याला प्रथमच रस्ता आपला वाटतो. तो क्षणभर वाहक राहत नाही, प्रवासी होतो. त्याच क्षणी तो मरतो.

४

अमेरिकेत सत्तरच्या दशकात ट्रकचालकाचे जे रूप लोकप्रिय झाले ते पाहून बेझेरिडीसला आश्चर्य वाटले असते. १९७३ चे तेलसंकट, त्यानंतर घातलेली वेगमर्यादा आणि चालकांच्या हाती आलेला बिनतारी संभाषणाचा रेडिओ यांतून चालक हा आधुनिक काउबॉय बनला. सॅम पेकिनपाचा ‘कॉन्व्हॉय’ (१९७८) एका लोकप्रिय गाण्यावर उभा आहे, आणि त्यात ट्रकांचा काफिला मैलोगणती वाढत जातो. त्यांत माल काय आहे याला मात्र फारसे महत्त्व उरत नाही. १९८० च्या कायद्याने त्या देशातील मालवाहतुकीवरील नियमन मोठ्या प्रमाणात उठविले गेले आणि भाड्याची स्पर्धा तीव्र झाली. पडद्यावरील स्वच्छंद घोडेस्वार आणि हिशेबाच्या वहीतील चालक यांच्यातील अंतर त्यामुळे अधिकच डोळ्यांत भरते.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’मध्ये (१९७१) या मिथकाची काळी बाजू आहे. एका मध्यमवर्गीय मोटारवाल्याचा एक जुनाट टँकर जिवावर उठल्यासारखा पाठलाग करतो. चालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही; दिसतो तो हात, दिसतात ते बूट. भयपट म्हणून ही युक्ती अचूक आहे. तरीही असे नोंदवावेसे वाटते की, मोटारीतील माणसाला ट्रकमधील माणूस खरोखरच एवढाच दिसतो : खिडकीबाहेर आलेला, पुढे जाण्याची खूण करणारा एक हात. चेहरा नसलेल्या माणसाला हेतूही नसतो, आणि हेतू नसलेला माणूस राक्षस व्हावयास वेळ लागत नाही.

५

हिंदी चित्रपटात ट्रकचालकाची प्रतिमा प्रथम नैतिक प्रश्न म्हणून येते. दुलाल गुहा यांच्या ‘दुश्मन’मध्ये (१९७१) राजेश खन्ना यांनी रंगविलेला सुरजित सिंग मद्य आणि वारांगना यांत रात्र घालवितो, उशिरा जागा होतो आणि धुक्यात भरधाव निघून एका शेतकऱ्याला चिरडतो. न्यायाधीश त्याला तुरुंगात न धाडता मृताच्या घरी राहून त्या कुटुंबाचे पोषण करण्याची शिक्षा देतात. मीनाकुमारी यांनी साकारलेली विधवा त्याचा द्वेष करते आणि कालांतराने त्याला स्वीकारते.

शिक्षेची ही कल्पना उदात्त आहे, आणि चित्रपटाला तमिळ व तेलुगू अवतारही लाभले. तथापि तिच्या आत एक गृहीत दडलेले आहे. चालकाचा उद्धार व्हावयाचा तर त्याने रस्ता सोडून मातीला चिकटले पाहिजे. जमीन स्थिर, म्हणून सात्त्विक. रस्ता चंचल, म्हणून पापाचा. उशीर झाला म्हणून सुरजित घाई करतो. तो उशीर कोणाकडे रुजू व्हावयाचा होता, मालकाने कोणती वेळ ठरविली होती, उशिराचा दंड कोणावर पडणार होता, याची चौकशी न्यायालय करीत नाही आणि पटकथाही करीत नाही. दोष एका व्यक्तीच्या चारित्र्यात संपूर्णपणे सामावून घेतला जातो. मृत शेतकऱ्याचे घर तपशिलाने उभे राहते. चालकाला घर होते की नाही हा प्रश्न दुय्यमच राहतो.

मराठी वाचकाच्या अधिक जवळचे उदाहरण ‘चक्र’चे (१९८१) होय. जयवंत दळवी यांच्या १९६३ मधील कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी हा हिंदी चित्रपट केला. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलासह राहणारी अम्मा (स्मिता पाटील) दोन पुरुषांच्या सावलीत जगते. एक वस्तीतलाच गुंड लुक्का, दुसरा ट्रकचालक अण्णा (कुलभूषण खरबंदा). अण्णा कामाच्या फेऱ्यांमधून मधूनमधून येतो. कॅमेरा त्याच्याबरोबर रस्त्यावर जात नाही. तो अम्माबरोबर झोपडीत थांबतो. ट्रकचालकाचे असे दर्शन इतरत्र क्वचितच घडते. येथे तो कोणाचेही मिथक नाही. तो केवळ ‘येणारा’ आहे. त्याच्या येण्याने चूल पेटते, संसाराची आशा पालवते, आणि जाण्याने ती पुन्हा टांगणीला लागते. अम्माच्या पोटात वाढणारे मूल त्याचे आहे. पोलिसांच्या धाडीच्या गदारोळात ते जाते आणि अखेरीस वस्तीवर बुलडोझर फिरतो. घर बांधण्याची शक्यता ज्याच्यावर अवलंबून होती तो माणूस धंद्यानेच घरात नसणारा आहे. चालकाच्या अनुपस्थितीचे मोल कोण चुकते करते, हे ‘चक्र’ एकही उपदेश न करता दाखवितो.

इम्तियाज अली यांच्या ‘हायवे’मध्ये (२०१४) चालक पुन्हा प्रतीकाकडे झुकतो. लग्नाच्या आदल्या रात्री पेट्रोलपंपावरून पळवून नेलेली धनिक घरातील वीरा ट्रकमधून राजस्थान, पंजाब, हिमाचल, काश्मीर असे फिरते, आणि अपहरणातच तिला मोकळेपणा गवसतो. बालपणीच्या लैंगिक अत्याचाराविषयी ती ज्या रीतीने बोलू लागते तो भाग हिंदी चित्रपटात दुर्मिळ म्हणावा असा आहे. त्याचे श्रेय आलिया भट्ट यांच्या अभिनयालाही द्यावयास हवे. परंतु महाबीरच्या बाजूने पाहिले तर ट्रकमधील माल म्हणजे वीराच आहे. एरवीच्या मालवाहतुकीचे व्यवहार या ट्रकला जवळजवळ नाहीत, म्हणूनच तो हव्या त्या दिशेला वळू शकतो. प्रवास वीराचा होतो. महाबीर तो घडवून आणतो आणि पोलिसांच्या गोळीने संपतो. रथी आणि सारथी यांच्यातील जुने अंतर येथे प्रेमाच्या रूपात परत आले आहे.

६

इव्हान आयर यांचा ‘मील पत्थर’ (२०२०) व्हेनिस महोत्सवात दाखविला गेला आणि पुढील वर्षी घरोघरच्या पडद्यावर पोहोचला. मध्यमवयीन ट्रकचालक गालिब (सुविंदर विकी) याने आपल्या कंपनीत पाच लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला आहे. पत्नीचा मृत्यू झाला आहे, आणि सिक्कीममधील तिचे कुटुंब भरपाई मागते आहे. रात्री नीट दिसत नाही म्हणून त्याच्या एका जुन्या सोबत्याला कामावरून काढून टाकले जाते. अशा वेळी कंपनी गालिबच्या हाताखाली पाश नावाचा तरुण शिकाऊ म्हणून देते.

गालिब आणि पाश ही नावे साहित्याच्या अभ्यासकाला चाळवतात. एक उर्दूचा महाकवी, दुसरा १९८८ मध्ये दहशतवाद्यांनी मारलेला पंजाबी क्रांतिकारक कवी. दिग्दर्शक या नावांचा गाजावाजा करीत नाही. कवींची नावे धारण करणारी ही माणसे फारच थोडे बोलतात, आणि केबिनमधील शांतता इंजिनाच्या घरघरीने भरलेली राहते. पाशला शिकविणे म्हणजे स्वतःची जागा रिकामी करण्याची पूर्वतयारी, हे गालिब जाणून आहे, आणि तरीही गिअर, आरसे, उतार यांविषयी जे ज्ञान त्याच्यापाशी आहे ते तो देतो. क्लूझोच्या चित्रपटात दोन चालकांतील नाते भयाने उलटते. येथे ते निवृत्तीच्या, किंबहुना अडगळीत पडण्याच्या धास्तीने हळूहळू पिळवटत जाते. पाश दुष्ट नाही. त्यालाही नोकरी हवी आहे.

ट्रकविषयक चित्रपटांत संकट येते ते बहुतेक वेळा चाकांवर : डोळा लागतो, टायर फुटतो, ट्रक दरीत जातो. ‘मील पत्थर’मध्ये गालिबच्या देहावर घाला येतो तेव्हा ट्रक उभा आहे. माल चढविणाऱ्या हमालांचा संप चालू असतो, वेळ गाठावयाची असते, म्हणून गालिब स्वतःच ओझी उचलतो आणि त्याची पाठ धरते. त्यानंतर पाच लाख किलोमीटर चालविलेला हा माणूस आसनावर बसताना आणि केबिनमधून खाली उतरताना ज्या सावधपणे एकेक हालचाल करतो, त्यावर कॅमेरा घाई न करता स्थिरावतो.